आम्ल, आम्लारी आणि दर्शक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवी ते दहावीच्या मुलांबरोबर मी आम्ल-आम्लारीचे प्रयोग करते. मुलं, पालक, शिक्षक, कधी शेतकरी आणि बऱ्याचदा स्वयंपाकघरात अडलेली माणसं मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक गोंधळ एकाच ठिकाणी होतो. दर्शक म्हणजे आम्लात एक आणि आम्लारीत दुसरा रंग दाखवणारा पदार्थ. त्याचा रंग म्हणजे अंतिम निकाल, असं आपण धरून चालतो. खरं तर द्रावण आपल्या सीमेच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढंच दर्शकाला सांगता येतं, आणि प्रत्येक दर्शकाची सीमा वेगळी असते. घाई असेल तर निदान प्रश्न ६ वाचा.

१. आम्ल आणि आम्लारी म्हणजे नेमकं काय?

पाण्यात विरघळल्यावर हायड्रोजन आयन (आयन म्हणजे विद्युतभार असलेला कण) देतं ते आम्ल आणि हायड्रॉक्साइड आयन देते ती आम्लारी. ही समजूत स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांच्या कामातून आली. त्यांना १९०३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. लिंबात सायट्रिक आम्ल असतं, चिंचेत टार्टारिक, दह्यात लॅक्टिक, व्हिनेगरमध्ये अ‍ॅसेटिक. चुन्याची निवळी, साबणाचं पाणी, धुण्याचा सोडा आणि चुलीतल्या राखेचं पाणी आम्लारिधर्मी असतं.

अमोनियाच्या रेणूत हायड्रॉक्साइड नसतं, मग तो आम्लारी कसा, असं हुशार मुलं लगेच विचारतात. तो पाण्याच्या रेणूकडून हायड्रोजन आयन ओढून घेतो आणि मागे हायड्रॉक्साइड उरतं. म्हणूनच १९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड आणि लाउरी यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, व्याख्या रुंद केली: हायड्रोजन आयन देणारं ते आम्ल, घेणारी ती आम्लारी.

२. आम्लारी आणि अल्कली एकच का?

पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीला अल्कली म्हणतात. म्हणजे प्रत्येक अल्कली आम्लारी असते, पण प्रत्येक आम्लारी अल्कली नसते. काळं कॉपर ऑक्साइड आम्लारी आहे. पाण्यात ते विरघळत नाही, म्हणून लिटमस हा दर्शक त्याच्याबद्दल काहीच सांगत नाही. विरल, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या, सल्फ्युरिक आम्लात टाकून गरम केलं की मात्र ते विरघळून सुंदर निळं द्रावण होतं. ते आम्लारी आहे याचा पुरावा ही अभिक्रिया देते.

३. चव घेऊन किंवा हात लावून ओळखलं तर चालेल का?

नाही. आम्ल आंबट आणि आम्लारी तुरट-कडवट व बुळबुळीत, हे गुणधर्म पुस्तकात वाचायचे. आम्लारी बुळबुळीत लागते कारण ती कातडीवरच्या तेलकट थराचा साबण करू लागते. म्हणजे तो स्पर्शच इजेची सुरुवात असतो. लिंबू आणि चिंच आपण खातोच, त्यांची चव घ्या. बाटलीतल्या कुठल्याही पदार्थाची घेऊ नका.

४. घरी प्रयोग करताना काय जपायचं?

पहिली सूचना चुन्याची. पानाचा चुना घरोघरी असतो, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. पुडी किंवा डबी दाबताना तो मुलांच्या डोळ्यांत उडतो आणि कायमची इजा होऊ शकते, कारण आम्लारी डोळ्याच्या आत आम्लापेक्षा खोलवर शिरते. निवळी मोठ्या माणसानेच करावी. डोळ्यात चुना गेलाच तर ताबडतोब वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान १५ ते २० मिनिटं डोळा धुवा, कण राहिले असतील तर तेही पाण्याने जाऊ द्या आणि तसेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

दुसरी सूचना संडास साफ करण्याच्या द्रवाची. त्यात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. तो कपड्यांच्या ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

अंगावर आम्ल पडलं तर त्यावर सोडा टाकून ‘उदासीन’ करायला जाऊ नका. उदासिनीकरणात, म्हणजे आम्ल आणि आम्लारी एकमेकांचा परिणाम घालवतात तेव्हा, उष्णता निघते आणि वेळही जातो. भरपूर पाणी ओता. विरल करताना नेहमी आम्ल पाण्यात थोडं थोडं घालायचं, पाणी आम्लात घालायचं नाही.

५. लिटमस कशापासून करतात? मसाल्यातल्या दगडफुलापासून का?

प्रश्न नेमका आहे, आणि उत्तर जवळचं आहे. लिटमस दगडफुलापासूनच करतात, पण आपल्या गोड्या मसाल्यातल्या नव्हे. दगडफूल म्हणजे शेवाळ आणि बुरशी यांनी एकत्र संसार केलेला सजीव, आणि त्याच्या कितीतरी जाती आहेत. लिटमससाठी रोसेला वर्गातल्या जाती वापरत आल्या आहेत. घरातलं दगडफूल पाण्यात उकळून लिटमस मिळत नाही. काही मुलांनी करून पाहिलं आहे.

६. कोणता दर्शक नेमका कुठे रंग बदलतो?

हे पाठ असलेलं बरं. आकडे सामूचे आहेत (सामू म्हणजेच पीएच: ७ उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, वर आम्लारिधर्मी; प्रश्न ७ पाहा).

मिथिल ऑरेंज: ३.१ च्या खाली लाल, ४.४ च्या वर पिवळा.
लिटमस: साधारण ५ च्या खाली लाल, ८ च्या वर निळा, मध्ये जांभळट.
ब्रोमोथायमॉल ब्लू: ६ च्या खाली पिवळा, ७.६ च्या वर निळा, मध्ये हिरवा.
हळद: साधारण ७.५ पर्यंत पिवळी, ८.५ च्या पुढे तांबूस-लाल.
फिनॉल्फ्थॅलिन: ८.२ पर्यंत रंगहीन, १० च्या आसपास गडद गुलाबी.

आता यादी उलटी वाचा. मिथिल ऑरेंज पिवळा झाला म्हणजे द्रावण आम्लारिधर्मी, असं पुष्कळ मुलं लिहितात. पण सामू ५ असलेल्या द्रावणातही तो पिवळाच असतो, आणि ते द्रावण आम्लधर्मी आहे. तसंच फिनॉल्फ्थॅलिन रंगहीन राहिलं म्हणजे द्रावण आम्ल असेल किंवा साधं पाणी असेल किंवा अगदी किंचित आम्लारिधर्मीही असेल. म्हणून अज्ञात द्रावणाला निदान दोन दर्शक लावावेत. वैश्विक दर्शक हेच काम करतो: त्यात वेगवेगळ्या सीमांचे अनेक दर्शक एकत्र केलेले असतात.

दर्शकाचा रंग बदलतो कारण तो स्वतःच एक सौम्य आम्ल किंवा आम्लारी असतो. हायड्रोजन आयन चिकटलेला असताना त्याच्या रेणूची रचना एक असते, सुटल्यावर दुसरी. दोन्ही रचना प्रकाशातले वेगवेगळे रंग शोषतात. तो आयन किती घट्ट धरला आहे, यावरून सीमा ठरते.

७. सामू ३ आणि सामू ६ यांत दुपटीचा फरक आहे ना?

फरक हजारपटीचा आहे. सामूची पट्टी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेनसेन यांनी मांडली. तिच्यावर एक पायरी म्हणजे हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात दहापट फरक. लिंबाचा रस साधारण २ ते २.६, दही ४.५ च्या जवळपास, दूध ६.६ च्या आसपास, रक्त ७.३५ ते ७.४५, चुन्याची संपृक्त निवळी १२.४. दुधाला लिटमस लावला की निळाही धड नाही, लालही धड नाही, असा रंग का दिसतो, हे आता प्रश्न ६ च्या यादीवरून तुम्हीच सांगू शकाल.

८. घरच्या घरी दर्शक कसे बनवायचे?

हा सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न, आणि माझ्या आवडीचा.

हळद: रंग बदलणारं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्पिरिटमध्ये छान विरघळतं. चमचाभर हळद थोड्या सर्जिकल स्पिरिटमध्ये ढवळा, गाळ बसू द्या, वरच्या पिवळ्या द्रवात गाळण-कागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवा. जवळपास विस्तव नको. स्पिरिट नसेल तर पाण्यातली पेस्टही चालते. पट्ट्या उन्हात ठेवू नका, उन्हाने हळदीचा रंग उडतो. हाच प्रयोग आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कपाळावर दिसत आला आहे: पारंपरिक कुंकू हळदीलाच चुन्यासारख्या आम्लारिधर्मी पदार्थाची प्रक्रिया करून लाल केलं जातं. लग्नातल्या हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो तोही यामुळेच. डाग ‘पक्का झाला’ म्हणून घाबरू नका, पाण्याने साबण निघून गेला की तो परत पिवळा होतो.

जास्वंद: लाल जास्वंदीच्या पाच-सहा फुलांच्या पाकळ्या कपभर गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा. लिंबू पिळलं की पाणी गडद गुलाबी होतं, साबणाचं पाणी घातलं की हिरवट. अर्क दुसऱ्या दिवसापर्यंत खराब होतो, म्हणून ताजाच करा.

जांभळा कोबी: मिळत असेल तर यासारखा दर्शक नाही. आम्लात लाल-गुलाबी, साध्या पाण्यात जांभळा, खायच्या सोड्यात निळा, धुण्याच्या सोड्यात हिरवा, आणि फार तीव्र आम्लारीत पिवळा. एकाच अर्कात पाच पायऱ्या दिसतात.

कोकम: आमसुलं कोमट पाण्यात भिजवून सुंदर तांबडा अर्क मिळतो आणि त्यातही जास्वंद-कोबीसारखंच अँथोसायनिन हे रंगद्रव्य असतं. तरी ‘सोडा घातला, फेस आला, रंग बदललाच नाही’ अशी तक्रार नेहमी येते. आमसूल स्वतःच भरपूर आंबट असतं. तुम्ही घातलेला सोडा आधी ते आम्ल उदासीन करण्यात खर्ची पडतो, फेस त्याचाच. थोडा थोडा सोडा घालत राहा, फेस थांबला की तांबडा रंग जांभळटाकडे झुकू लागतो. म्हणजे कोकम फक्त दर्शक नाही, दर्शक आणि आम्ल एकाच भांड्यात आहेत. माझ्या मते उदासिनीकरण शिकवायला याहून चांगला पदार्थ कोकणात तरी नाही.

९. हळदीची पट्टी लिंबात पिवळीच राहिली. पट्टी खराब आहे का?

पट्टी ठीक आहे. हळदीची सीमा ७.५ ते ८.५ च्या दरम्यान आहे. लिंबू आणि पाणी दोन्ही तिच्या अलीकडे पडतात, त्यामुळे दोन्हींत ती पिवळीच असते. हळद आम्लारी ओळखते, आम्ल ओळखत नाही. आम्ल तपासायचं तर पट्टी आधी साबणाच्या पाण्याने लाल करून घ्या आणि मग तिच्यावर तपासायचा थेंब टाका. लाल जाऊन पिवळा आला तर तो थेंब साबणाचं पाणी उदासीन करतो आहे.

१०. बीटचा रस गडद लाल असतो, तरी लिंबू घातल्यावर काहीच होत नाही. असं का?

बीटमधला रंग अँथोसायनिनचा नसून बीटानिनचा असतो. हे वेगळ्या कुळातलं रंगद्रव्य आम्लात आणि साध्या पाण्यात लालच राहतं. फार तीव्र आम्लारीत ते पिवळं पडतं. शाळेच्या प्रयोगाला बीट घेऊ नका. मुलं हिरमुसतात.

११. खायचा सोडा आम्लारिधर्मी आहे, मग फिनॉल्फ्थॅलिन गडद गुलाबी का होत नाही?

खायच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू ८.३ च्या आसपास असतो आणि फिनॉल्फ्थॅलिनची सीमा ८.२ पासून सुरू होते. म्हणजे आपण बरोबर उंबऱ्यावर उभे असतो. रंग आलाच तर फिकट येतो. हळद किंवा लाल लिटमस लावला तर बदल दिसतो. आता तोच खायचा सोडा कोरड्या कढईत नीट तापवा, थंड झाल्यावर पाण्यात घाला आणि पुन्हा फिनॉल्फ्थॅलिन टाका. यावेळी रंग गडद येईल. तापवल्यावर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघून जाते आणि सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा उरतो. त्याच्या द्रावणाचा सामू ११ च्या जवळपास असतो.

१२. आम्ल अधिक आम्लारी म्हणजे क्षार अधिक पाणी. मग सगळे क्षार उदासीन असतात का?

नाही, आणि परीक्षेत इथे हमखास गुण जातात (तीव्र-सौम्य म्हणजे काय, ते प्रश्न १३ मध्ये). तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी यांचा क्षार उदासीन असतो, जसं आपलं मीठ. तीव्र आम्लारी आणि सौम्य आम्ल यांचा क्षार आम्लारिधर्मी, जसा धुण्याचा सोडा. तीव्र आम्ल आणि सौम्य आम्लारी यांचा क्षार आम्लधर्मी, जसा नवसागर (अमोनियम क्लोराइड).

कल्हईवाला तापलेल्या भांड्यात कथील पसरण्याआधी पांढरी पूड टाकतो आणि डोळ्यांत झोंबणारा धूर निघतो, तो नवसागर. तापल्यावर त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटतात आणि भांड्यावरचा ऑक्साइडचा थर निघून जातो. ताक आणि आमटी त्या कल्हईमुळेच सुरक्षित राहायची. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात दही-ताक ठेवलं की त्यातलं आम्ल तांब्याचे क्षार तयार करतं आणि ताक कळकतं. कळकलेलं ताक फेकूनच द्यावं.

तुरटीचं उदाहरणही लक्षात ठेवा. तिच्या पाण्याचा सामू ३ ते ४ असतो, निळा लिटमस लाल होतो, आणि तरीही तुरटी हा क्षारच आहे.

१३. तीव्र आणि संहत यांत फरक काय?

पाण्यात किती रेणू आयनांत फुटतात, यावर तीव्र-सौम्य ठरतं. द्रावणात पाणी किती, यावर संहत-विरल. हायड्रोक्लोरिक आम्ल कितीही पाणी घातलं तरी तीव्रच राहतं, फक्त विरल होतं. अ‍ॅसेटिक आम्ल संहत असलं तरी सौम्यच. पण सौम्य म्हणजे निर्धोक, असा अर्थ काढू नका. संहत अ‍ॅसेटिक आम्लाने कातडी भाजते.

१४. अमोनियाच्या वायूत लिटमस धरला, रंग बदललाच नाही.

कागद कोरडा होता का? दर्शकाला बदलायला पाणी लागतं, कारण आयन पाण्यात तयार होतात. कोरड्या हायड्रोजन क्लोराइड वायूतही कोरडा निळा लिटमस निळाच राहतो. कागदावर पाण्याचा थेंब सोडा आणि पुन्हा धरा.

१५. रंग आला आणि नाहीसा झाला. आता काय लिहायचं?

यात तीन वेगवेगळ्या गोष्टी होतात. ओला निळा लिटमस आधी लाल आणि मग पांढरा पडला, तर तिथे क्लोरीन असण्याची शक्यता आहे: तो पाण्यात आम्ल तयार करतो आणि शिवाय रंगच नष्ट करतो. पांढऱ्या पडलेल्या कागदावर सोड्याचा थेंब टाकला तरी निळा परत येत नाही.

अनुमापनात (थेंब थेंब आम्लारी घालून आम्लाचं प्रमाण मोजताना) फिनॉल्फ्थॅलिनचा शेवटचा फिकट गुलाबी रंग मिनिटाभरात गेला, तर बहुधा हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात विरघळला आहे. अर्धा मिनिट रंग टिकला की वाचन घ्या आणि पुढे थेंब वाढवत बसू नका.

आणि संहत सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी होऊन हळूहळू रंगहीन झालं, तर तोही त्याचा स्वभाव आहे. फार जास्त सामूला त्याच्या रेणूची आणखी एक, बिनरंगाची रचना होते. पाणी घालून विरल केलं तर गुलाबी परतू लागतो.

१६. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो, मग डिस्टिल्ड पाण्याचा ६ का येतो?

उघड्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून कार्बोनिक आम्ल होतं. स्वच्छ हवेतल्या पावसाचा सामूही ५.६ च्या जवळ असतो, त्यामुळे त्याच्याही खाली गेलेल्या पावसालाच आम्लवर्षा म्हणतात. शिवाय ७ हा आकडा २५ अंश सेल्सिअसचा आहे. उकळत्या शुद्ध पाण्याचा सामू ६.१ च्या आसपास येतो आणि तरीही ते उदासीनच असतं, कारण दोन्ही आयन सारखेच वाढलेले असतात.

१७. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाचा डाग पडला. कसा काढायचा?

तो डाग नसून झीज आहे. कडप्पा आणि शहाबादी फरशी दोन्ही चुनखडीचे दगड, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आम्लाने तो खाल्ला जातो आणि चकाकी जाऊन पांढुरकी खूण राहते. सोडा लावून ती भरून येत नाही, पॉलिश करून घ्यावं लागतं. या फरशीवर संडास साफ करायचा द्रव वापरू नका.

१८. लिंबू शरीरात गेल्यावर ‘अल्कलाइन’ होतं, हे खरं का?

लिंबाचा रस आम्ल आहे. त्यातल्या सायट्रेटचं शरीरात बायकार्बोनेट होतं आणि लघवीचा सामू थोडा वाढू शकतो, एवढाच त्या म्हणण्याला आधार. रक्ताचा सामू फुप्फुसं आणि मूत्रपिंडं प्रश्न ७ मधल्या अरुंद पट्ट्यात धरून ठेवतात, लिंबाने किंवा महागड्या बाटलीतल्या ‘अल्कलाइन’ पाण्याने तो हलत नाही. त्या पाण्याला जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल आधी भेटतं. आजारावर उपाय म्हणून कुणी हे विकत असेल तर औषधं थांबवू नका.

१९. शेतातली माती लिटमसने तपासता येईल का?

अंदाजही नीट मिळत नाही. काळ्या जमिनीचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो आणि लिटमस त्या भागात स्पष्ट बोलत नाही. प्रयोगशाळेत माती आणि डिस्टिल्ड पाणी १ ला २.५ या प्रमाणात ढवळून मीटरने मोजतात. हा खर्च करण्यासारखा आहे, कारण उपाय उलटे आहेत: कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीला चुना लागतो, तर चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या आम्लारिधर्मी, जमिनीला जिप्सम. अंदाजाने चोपण जमिनीत चुना टाकला तर पैसे जातात आणि जमीन तशीच राहते.

२०. माझ्या विद्यार्थिनीला दिसत नाही. तिला हा प्रयोग करता येईल का?

येईल, आणि इतरांइतकाच खरा. काही पदार्थांचा वास आम्लारीत नाहीसा होतो किंवा अगदी मंदावतो: कांदा, लवंगेचं तेल, व्हॅनिला. कांदा बारीक चिरून सुती कापडाच्या पट्ट्यांबरोबर डबीत घट्ट बंद करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी एका पट्टीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल आणि दुसरीवर विरल सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन थेंब शिक्षकांनी टाकावेत, पट्ट्या पाण्यात खळबळून तिच्या हाती द्याव्यात. आम्लाच्या पट्टीला कांद्याचा वास राहतो, दुसरीचा जातो. वास घेताना पट्टी नाकाला लावायची नाही, हाताने हवा नाकाकडे ढकलायची. आणि बाकीच्या वर्गालाही डोळे मिटून हाच प्रयोग करू द्या, म्हणजे ती एकटी वेगळं काही करते आहे असं तिला वाटणार नाही.